खुब्याचं दुर्बिणीतून ऑपरेशन झालंय किंवा होणार आहे? पुढचे सहा महिने फिजिओ कशी करायची, पायरी पायरीने

मी २६ वर्षांची आहे, शाळेपासून खो-खो खेळतेय, सध्या पुण्यात नोकरी. चौकोनात बसलेलं असताना खो मिळाला की एका झटक्यात उठून पळायचं असतं, तर त्या उठायच्या क्षणी उजव्या जांघेत खोल आत चिमटा बसायचा. दीड वर्ष सगळे म्हणाले स्नायू दुखावलाय, मग शेक, मलम, मालिश सगळं करून झालं. शेवटी एमआरआयमध्ये दिसलं की खुब्याच्या वाटीच्या कडेला जी रबरासारखी किनार असते, लॅब्रम म्हणतात तिला, ती फाटलीये, आणि मांडीच्या हाडाचा गोळा जिथे मानेला जोडला जातो तिथे हाड जास्तीचं वाढलंय, त्याला कॅम म्हणतात. गेल्या वर्षी दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, तीन छोटी भोकं, दुसऱ्या दिवशी घरी.

ऑपरेशनबद्दल सांगणारे खूप भेटतात, नंतरच्या महिन्यांबद्दल मला नीट सांगणारं कोणीच भेटलं नाही. आणि माझा सगळ्यात मोठा घोळ एकाच गोष्टीमुळे झाला, ती म्हणजे दुखणं पाचव्या-सहाव्या आठवड्यात बरंच थांबतं आणि सांधा तयार होतो त्याच्या खूप नंतर. मधल्या काळात आपण बरे झालोय असंच वाटत राहतं. हे सगळं लिहिताना तोच मधला काळ माझ्या डोक्यात आहे.

मी डॉक्टर नाही. खाली दिलेले आठवडे हे साधारण आहेत, तुमच्या सर्जनने वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका, कारण प्रत्येकाच्या सांध्यात आत काय केलंय ते वेगळं असतं (हा मुद्दा पुढे परत येणार आहे, सगळ्यात महत्त्वाचा आहे).

१. ऑपरेशन ठरायच्या आधी: फिजिओ करून बघितली का?

हाडाच्या आकारामुळे खुब्यात चिमटा बसतो हे २००३ मध्ये स्वित्झर्लंडच्या बर्नमधल्या राइनहोल्ड गांझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नीट मांडलं, म्हणजे हे निदान तसं नवीनच आहे. त्यामुळे घरातल्या मोठ्यांना खुब्याचं ऑपरेशन म्हटलं की सांधा बदलणंच आठवतं आणि ते घाबरतात. त्यांना पहिल्यांदा हे समजावून सांगा की इथे सांधा तुमचाच राहतो, फाटलेलं शिवतात आणि वाढलेलं हाड घासून काढतात.

२०१८ मध्ये लॅन्सेटमध्ये ब्रिटनचा एक अभ्यास आला होता, २३ हॉस्पिटलं, ३४८ रुग्ण, अर्ध्यांना दुर्बिणीचं ऑपरेशन आणि अर्ध्यांना फक्त नीट आखलेली फिजिओ. वर्षभराने दोन्ही गटांना बरं वाटत होतं, ऑपरेशनवाल्यांना जास्त. याचा अर्थ मी असा घेतला की आधी तीन महिने मन लावून फिजिओ करून बघावी, नाहीच जमलं तर ऑपरेशन आहेच. माझं नाही जमलं, पण त्या तीन महिन्यांत बुडाचे आणि पोटाचे स्नायू जे तयार झाले ते नंतर खूप उपयोगी पडले. ऑपरेशन पक्कं असेल तरी आधीचे आठवडे वाया घालवू नका, कुबड्यांवर चालायला आणि जिने चढायला आधीच शिकून घ्या, दुखत नसताना शिकणं सोपं जातं.

कोणीतरी तुम्हाला टेनिसपटू अँडी मरेची बातमी पाठवेलच. त्याचं जानेवारी २०१८ मध्ये मेलबर्नला खुब्याचं ऑपरेशन झालं, तरी वर्षभराने लंडनला सांध्यावर धातूचं आवरण बसवावं लागलं, आणि त्यानंतर ऑक्टोबर २०१९ मध्ये त्याने अँटवर्पची स्पर्धा जिंकली. सांध्यातल्या हाडांवरचा गुळगुळीत थर, म्हणजे कूर्चा, आधीच खूप झिजली असेल तर दुर्बिणीच्या ऑपरेशनचा फायदा कमी होतो, म्हणून सर्जनना सरळ विचारा की माझी कूर्चा किती शिल्लक आहे.

२. सर्जनना विचारायचे प्रश्न (वहीत लिहून न्या)

ही पायरी कोणीही गाळू नका. फिजिओचा सगळा हिशोब या उत्तरांवर असतो:

- लॅब्रम शिवला की नुसता साफ केला?
- हाड कुठलं घासलं, गोळ्याच्या बाजूचं की वाटीच्या कडेचं, की दोन्ही?
- सांध्याभोवतीची पिशवी, म्हणजे कॅप्सूल, उघडली होती ती परत शिवली का?
- मायक्रोफ्रॅक्चर केलं का? (कूर्चा भरून यावी म्हणून हाडाला बारीक भोकं पाडतात. हे केलं असेल तर कुबड्या २-३ आठवडे नाही, ६ ते ८ आठवडे लागतात.)
- पायावर किती वजन टाकायचं आणि किती आठवडे?
- कुठल्या हालचाली बंद, आणि कधीपर्यंत?
- जास्तीचं हाड तयार होऊ नये म्हणून गोळ्या आहेत का, किती दिवस?

शेवटचा प्रश्न विचाराच. ऑपरेशननंतर स्नायूंमध्ये नको तिथे हाड तयार होऊ शकतं आणि ते टाळायला बरेच सर्जन काही आठवडे सूज कमी करणारी गोळी देतात. आपण तिला दुखण्याची गोळी समजतो आणि दुखणं थांबलं की बंद करतो. माझ्या चुलत भावाने सहज विचारलं, अगं त्या गोळीबरोबरची चिठ्ठी वाचलीस का, तेव्हा मला कळलं की ती पूर्ण कोर्स घ्यायची आहे. ॲसिडिटी किंवा अल्सर असेल तर मात्र आधीच सांगा.

३. कागदपत्रं

एक जाड फाइल घ्या आणि पहिल्या दिवसापासून सगळं त्यातच ठेवा:

- डिस्चार्ज कार्ड
- ऑपरेशन नोट्स (हे वेगळं मागावं लागतं, डिस्चार्ज कार्डवर एका ओळीत उरकलेलं असतं)
- एक्स-रे आणि एमआरआयची सीडी, फक्त रिपोर्ट नको
- फिजिओथेरपी किती आठवडे हवी हे लिहिलेलं प्रिस्क्रिप्शन, सही-शिक्क्यासकट
- मेडिक्लेमचं मंजुरीपत्र, पॉलिसीची प्रत
- प्रत्येक फिजिओ सेशनची पावती, तारखेसकट
- ऑफिससाठी रजेचं सर्टिफिकेट, नंतर फिटनेस सर्टिफिकेट

मेडिक्लेमचं एक बघून ठेवा. डिस्चार्जनंतर ठराविक दिवसांचा खर्च बऱ्याच पॉलिसी देतात, ६० किंवा ९० दिवस असं काहीतरी लिहिलेलं असतं, आणि डॉक्टरांनी लेखी सांगितलेली फिजिओ त्यात बसू शकते. माझ्याकडे पहिल्या तीन आठवड्यांच्या पावत्याच नव्हत्या, घरी येणाऱ्या फिजिओंना रोख पैसे दिलेले, मग ते पैसे गेले ते गेलेच.

४. घर तयार करणं

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी नको, आठवडाभर आधी करा. बहुतेकांना सुरुवातीला खुबा ९० अंशांपेक्षा जास्त दुमडायची बंदी असते. ९० अंश म्हणजे खुर्चीवर ताठ बसल्यावर होतो तेवढा कोन, बसल्यावर गुडघा खुब्यापेक्षा वर गेला की तुम्ही तो ओलांडलात. हे डोक्यात ठेवून घरभर फिरून बघा, किती गोष्टी अडतात ते लगेच दिसेल. खाली बसून जेवणं, खोलगट सोफा, बुटका पलंग, देशी संडास, खालच्या खणातले कपडे, चप्पल घालायला वाकणं.

लागणाऱ्या वस्तू:

- कुबड्यांची जोडी, उंची मापून घेतलेली. काखेत आणि कुबडीच्या वरच्या टोकात दोन-तीन बोटं जागा राहिली पाहिजे, वजन हातांवर घ्यायचं. काखेत टेकून उभं राहिलं की हाताला मुंग्या येतात, नस दबते.
- कमोड नसेल तर कमोडची खुर्ची, बुटका असेल तर त्यावर बसवायचा उंच भाग. दोन्ही सर्जिकलच्या दुकानात भाड्याने मिळतात.
- आंघोळीसाठी उंच प्लास्टिकचं स्टूल, पायाला रबर असलेलं
- दोन जास्तीच्या उश्या
- बर्फाच्या पिशव्या दोन, म्हणजे एक फ्रीजरमध्ये आणि एक वापरात
- साधा वजनकाटा (कशाला ते पुढे सांगते)
- नंतरसाठी योगा मॅट आणि हलक्या ताणाचा रबरी बँड
- छोटी पाठीवरची सॅक. कुबड्या असताना हातात पाण्याची बाटलीसुद्धा धरता येत नाही.

आमच्याकडे लिफ्ट नाही, घर तिसऱ्या मजल्यावर. जिन्याचं सूत्र असं आहे की चढताना चांगला पाय आधी, उतरताना कुबड्या आणि ऑपरेशनचा पाय आधी. आईने पहिले दोन आठवडे प्रत्येक पायरीला मोठ्याने म्हणून दाखवलं, तेव्हा कुठे ते अंगात बसलं.

५. पहिले दोन आठवडे

या काळात फिजिओ म्हणजे घाम काढणारा व्यायाम नाही. सूज कमी करणं, सांधा आत चिकटू न देणं आणि स्नायूंना जागं ठेवणं, बस.

*पायावर वजन.* माझ्या कागदावर लिहिलं होतं, पाऊल पूर्ण टेकवा पण १० किलोपर्यंतच वजन टाका. आता १० किलो म्हणजे किती हे पायाला कसं कळणार? त्यासाठी वजनकाटा. कुबड्यांवर उभं राहून ऑपरेशनचा पाय काट्यावर ठेवायचा आणि हळूहळू दाब द्यायचा, काटा १० वर आला की तो दाब लक्षात ठेवायचा. मी दिवसातून चार वेळा करायचे. पहिल्या दिवशी मला जे अलगद टेकवणं वाटत होतं ते १८ किलो निघालं! पाय हवेत उचलून धरणंही चुकीचं आहे, कारण मग जांघेतला स्नायू दिवसभर ताणलेला राहतो आणि तोच दुखायला लागतो.

*हालचाल.* दुसऱ्या माणसाने पाय धरून खुबा छोट्या वर्तुळात फिरवायचा, तुम्ही पूर्ण सैल सोडायचा. फिजिओंकडून हे घरातल्या एकाला शिकवून घ्या. मला आईच करायची, सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटं. हे कंटाळवाणं वाटतं म्हणून लोक सोडून देतात पण आत चिकटण्या होऊ नयेत म्हणून याचा मोठा उपयोग असतो. व्यायामाची सायकल मिळाली तर सीट उंच, ताण शून्य, नुसते पाय फिरवायचे. ती कधी सुरू करायची ते सर्जन सांगतील, बऱ्याच जणांना पहिल्याच आठवड्यात चालते.

*पालथं झोपणं.* सारखं बसून आणि उताणं उशी घेऊन पडून खुब्याचा पुढचा भाग आखडतो. दिवसातून दोन-तीन वेळा १५-२० मिनिटं पालथं पडा, सर्जनची हरकत नसेल तर. कुशीवर झोपायचं तर चांगली बाजू खाली आणि दोन गुडघ्यांत उशी. बसणंसुद्धा एका वेळी अर्ध्या तासाच्या वर नको.

*स्नायू.* उताणं पडून बुडाचे स्नायू आवळायचे, ५ सेकंद धरायचे, सोडायचे. तसंच मांडीचे आणि खालच्या पोटाचे. घोटे वर-खाली करत राहायचं, रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून.

यातला सगळ्यात मोठा सापळा: पाय सरळ ठेवून उचलण्याचा व्यायाम. गुडघ्याच्या ऑपरेशनच्या छापील कागदावर तो पहिलाच असतो आणि माझ्याकडे घरी आलेल्या पहिल्या फिजिओंनी तोच कागद दिला. तीन दिवसांत जांघेत पुढच्या बाजूला अशी आग व्हायला लागली की रात्री कूस बदलता येईना. खुब्यात पाय उचलणारा सोआस नावाचा स्नायू सांध्याच्या अगदी समोरून जातो, आणि ऑपरेशननंतर तो लवकर चिडतो. सुरुवातीचे आठवडे हा व्यायाम टाळायचा असतो. पलंगावरून उतरतानासुद्धा ऑपरेशनचा पाय स्वतःच्या जोरावर उचलू नका, हाताने किंवा ओढणीचा फास पावलात अडकवून सरकवा.

आणखी एक, जे सांगायला लाज वाटते. ऑपरेशन करताना सांध्यात जागा व्हावी म्हणून पाय जोरात ओढून धरतात, त्याचा दाब जांघेच्या मध्ये येतो. त्यामुळे गुप्तांगाच्या जागी, किंवा भोकांजवळच्या नसेला धक्का लागला तर मांडीच्या बाहेरच्या बाजूला, बधीरपणा येऊ शकतो. मला आठ दिवस होता आणि मी पाच दिवस कोणालाच बोलले नाही, रडत बसले. बहुतेक वेळा दिवसांत किंवा आठवड्यांत तो जातो, पण सर्जनना त्याच दिवशी सांगा.

लगेच फोन करा, थांबू नका: पोटरी सुजली, गरम लागली, दुखायला लागली, ताप आला, टाक्यांतून पाणी किंवा पू येतोय, पायाची ताकद अचानक गेली. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर फोन करत बसू नका, सरळ इमर्जन्सीला जा.

६. फिजिओ निवडणं

हे खरंतर ऑपरेशनच्या आधी करायचं. गुडघ्याचे आणि पाठीचे पेशंट बघणारे भरपूर आहेत, तरुण माणसाच्या खुब्याचे कमी. फोनवर एवढंच विचारा: खुब्याच्या आर्थ्रोस्कोपीचे, म्हणजे दुर्बिणीच्या ऑपरेशनचे, पेशंट तुम्ही बघितलेत का, आणि माझ्या सर्जनशी बोलाल का? दुसऱ्या प्रश्नाला जे पटकन हो म्हणतात ते मला भरवशाचे वाटतात.

पहिल्या भेटीत ऑपरेशन नोट्स त्यांच्या हातात द्या. माझ्या दुसऱ्या फिजिओ मॅडमनी त्या दोनदा वाचल्या, सर्जनना फोन लावून कॅप्सूल शिवली का ते विचारलं आणि मगच पायाला हात लावला, कारण कॅप्सूल शिवली असेल तर पाय मागे नेणं आणि पाऊल बाहेर वळवणं काही आठवडे जपून करावं लागतं. नुसतं मशीन लावून, शेक देऊन वीस मिनिटांत घरी पाठवत असतील तर जागा बदला. आणि इंटरनेटवर खुब्याच्या ऑपरेशननंतरचे व्यायाम शोधलेत तर निम्मे व्हिडिओ सांधा बदललेल्या आजी-आजोबांचे असतात, त्यांचे नियम वेगळे, ते बघून काही करू नका.

७. आठवडा ३ ते ६: कुबड्या सोडणं

सगळ्यांना कुबड्या फेकायची घाई असते. दोनवरून एकावर, एकावरून मोकळं, असं जायचं. एक कुबडी ऑपरेशनच्या विरुद्ध हातात धरायची. माझं ऑपरेशन उजवं, तर कुबडी डाव्या हातात. बाहेर मला कितीतरी लोकांनी थांबवून सांगितलं की अगं दुखऱ्या बाजूला धर, अगदी प्रेमाने सांगितलं, पण ते चूक आहे.

कुबडी कधी सुटणार याचं उत्तर कॅलेंडरमध्ये नाही. लंगडत नसाल तर सोडा, लंगडत असाल तर ठेवा. लंगडत चालायची सवय एकदा लागली की ती मोडायला जास्त दिवस जातात आणि कंबर दुखायला लागते ते वेगळंच.

याच काळात व्यायाम वाढतात. उताणं पडून कंबर उचलणं, म्हणजे ब्रिज. दोन्ही गुडघे आणि तळहात टेकून मागे-पुढे झुलणं, यात खुबा हळूहळू दुमडतो आणि चिमटा बसायच्या आत थांबता येतं. मॅडमनी यासाठी कमरेवर आडवं लाटणं ठेवायला सांगितलं होतं. लाटणं घरंगळलं म्हणजे कंबर हलली, खुबा नाही. हे झुलणं सुरू केल्याच्या पहिल्या आठवड्यात माझं लाटणं दर दोन झुल्यांना खाली यायचं, चौथ्या आठवड्यात वीस झुले झाले तरी जागचं हललं नाही, आणि त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की हे होणार. जखम पूर्ण भरल्यावर, सर्जननी हो म्हटल्यावर पाण्यात चालणंही छान, फक्त बेडकासारखे पाय मारायचे नाहीत.

दुखण्याचा नियम मला मॅडमनी शिकवला तो असा. दहापैकी तीनपर्यंत दुखलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत शांत झालं तर चालेल. त्याहून जास्त दुखलं किंवा दुसऱ्या दिवशीही राहिलं तर मागच्या टप्प्यावर जायचं. स्नायू दुखणं आणि जांघेत आत चिमटा बसणं हे वेगळं ओळखा. स्नायू भरून आले तर चालतं, चिमटा बसला तर तिथल्या तिथे थांबा. मोबाइलवर रोज एक ओळ लिहा, काय केलं, किती दुखलं, सकाळी कसं होतं.

८. आठवडा ६ ते १२: इथे सांभाळा

या टप्प्यावर तुम्ही नीट चालताय, ऑफिसला जाताय, लोक विचारणं बंद करतात आणि तुम्हीही विसरता. माझा सातवा आठवडा होता. घरी सत्यनारायण होता, गुरुजी आले, मी सवयीने पाटावर मांडी घालून बसले आणि पूर्ण पूजाभर, पाऊण तास तरी, तशीच बसले. बसताना काहीच दुखलं नाही. उठताना खुब्यात कळ गेली आणि दुसऱ्या दिवशी मी परत एका कुबडीवर. टाके शाबूत होते हे डॉक्टरांनी तपासून सांगितलं पण सांधा चिडला होता, आणि दोन आठवडे मागे जावं लागलं. तेव्हा कृपा करून पूजा असो, पंगत असो, लग्नाचा हॉल असो, खुर्ची मागा. कोणी काही म्हणत नाही.

आता ताकद कमवायची असते, त्यातही खुब्याच्या बाहेरच्या बाजूचा स्नायू, ग्लूटिअस मिडिअस. एका पायावर उभं राहिल्यावर कंबर समतल ठेवणं हे त्याचं काम. तो कमजोर असेल तर प्रत्येक पावलाला कंबर एका बाजूला पडते आणि तो भार सांध्यावर जातो. कुशीवर पडून पाय बाजूला उचलणं, बँड लावून आडवं चालणं, एका पायावर ब्रिज, अर्धं बसून उठणं, पायरी चढ-उतर, असं वाढवत नेतात.

घरी स्वतःला तपासायची एक पद्धत: कमरेच्या हाडांवरून ओढणी घट्ट बांधा, १५ ते २० सेंटिमीटरच्या पायरीवर ऑपरेशनच्या पायावर उभ्या राहा आणि दुसऱ्या पायाची टाच हळू खाली टेकवून वर या. समोरून कोणाला तरी व्हिडिओ काढायला सांगा. ओढणी तिरपी झाली किंवा गुडघा आतल्या बाजूला पडला तर अजून ताकद आलेली नाही. नवव्या आठवड्यात मला शपथेवर वाटत होतं की मी सरळ उतरतेय आणि आईने काढलेल्या व्हिडिओत ओढणी डाव्या बाजूला चांगली चार बोटं खाली होती. तो व्हिडिओ मी अजून जपून ठेवलाय. असे व्हिडिओ दर पंधरा दिवसांनी काढा.

९. रोजच्या गोष्टी, पटापट

*ऑफिस:* बैठं काम असेल तर बरेच जण २ ते ४ आठवड्यांत जातात, शक्य असेल तर पहिले दिवस घरून करा. खुर्ची उंच, दर अर्ध्या तासाने उठायचं. उभं राहायचं काम असेल तर जास्त रजा लागेल, आधीच बोलून ठेवा.

*गाडी:* उजवा खुबा असेल तर चारचाकी साधारण ४ ते ६ आठवड्यांनी, कारण ब्रेक जोरात दाबता आला पाहिजे. डावा असेल आणि क्लचची गाडी असेल तर तेच. गुंगी आणणाऱ्या गोळ्या चालू असताना अजिबात नाही. स्कूटरचं सर्जनना वेगळं विचारा, खड्ड्यात एकदम पाय टेकवायला लागतो आणि गाडी मेन स्टँडवर लावताना पूर्ण जोर एका पायावर येतो, हे त्यांनाही आठवण करून द्यावं लागतं.

*गाडीत बसणं:* सीट मागे, आधी पाठमोरं टेकायचं, मग दोन्ही पाय एकत्र आत. ऑपरेशनच्या पायावर उभं राहून गर्रकन वळायचं नाही, हे स्वयंपाकघरात सगळ्यात जास्त होतं, ओट्याकडून फ्रीजकडे. छोटी पावलं टाकत वळा.

*कपडे:* घालताना ऑपरेशनचा पाय आधी, काढताना शेवटी.

*मांडी, उकिडवं बसणं, देशी संडास, सूर्यनमस्कार:* तीन महिन्यांच्या आत नाहीच, नंतरही मॅडमच्या समोर पहिल्यांदा करून बघा. वाढलेलं हाड घासल्यावर बऱ्याच जणांना मांडी जमते, पण ती ताणून ताणून आणायची नाही.

१०. पळणं आणि खेळ

बारा आठवड्यांच्या आधी पळायचा विषय काढू नका. माझी परीक्षा अशी होती: अर्धा तास भरभर चालून दुखत नाही, ओढणी सरळ राहते, एका पायावर दहा वेळा अर्धं बसून उठता येतं. मग १ मिनिट हळू पळणं, २ मिनिटं चालणं, असं आठवड्यातून तीनदा, एक दिवस सोडून. मी चौदाव्या आठवड्यात सुरू केलं, मैदानाच्या मऊ मातीवर, डांबरावर नाही.

खेळात परत जायला साधारण ४ ते ६ महिने, आणि खो-खो, कबड्डी, फुटबॉल, बॅडमिंटनसारखं झटक्यात वळायचं असेल तर त्याहून जास्त धरून चला. नुसते महिने झाले म्हणून सोडत नाहीत. एका पायावर लांब उडी, तिहेरी उडी, एका पायावर तोल सांभाळून तीन दिशांना पाय लांबवणं, हे दोन्ही पायांनी मोजतात आणि ऑपरेशनचा पाय दुसऱ्याच्या निदान ९० टक्के आला पाहिजे असं धरतात. माझा सहाव्या महिन्यात ८२ आला. खूप वाईट वाटलं, स्पर्धा तोंडावर होती, कोचना फोन करून नाव काढायला सांगितलं. आठव्या महिन्यात ९३ आला.

कोचशी आधीच बोला आणि फिजिओंचा कागद त्यांना दाखवा, नाहीतर सरावाला परत आलेल्या खेळाडूला पहिल्याच दिवशी सगळ्यांबरोबर पळवतात. आम्ही असं ठरवलं की पहिला महिना मी फक्त संरक्षणाला उतरायचं, म्हणजे पळणं आणि हुलकावणी, पण चौकोनात बसणं नाही. दुसऱ्या महिन्यात सरावात बसायला सुरुवात केली, पूर्ण उकिडवं न बसता ऑपरेशनचा पाय मागे ठेवून, आधी एका वेळी दोन मिनिटं. सरावाच्या आधी अजूनही लाटणं घेऊन वीस झुले मारते, किटबॅगेत एक वेगळं लाटणंच ठेवलंय.